ओडेटच्या कमरेवरची पट्टी

६ ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टर फेल्प्स म्हणाले, पट्टी सुरू केली की रोज चार ओळी लिहून ठेवा, म्हणजे मुलीत काय फरक पडतोय ते कळेल. मी म्हटलं, चार ओळी काय, पानं भरीन. मला लिहायला आवडतंच, फक्त वह्या सापडत नाहीत. ही ओडेटची गणिताची वही आहे, मागच्या बाजूनं सुरू केली आहे. पुढच्या बाजूला गणितं फारशी नाहीतच.

ओडेट म्हणजे माझी मुलगी. वय आठ, तिसरीत. तिचं कशात लक्ष लागत नाही, जागेवर बूड टिकत नाही आणि तोंड बंद होत नाही. उन्हाळ्यात गोळी देऊन पाहिली. ती गालात धरून ठेवायची आणि दिवाणखान्यातल्या कुंडीत थुंकायची. कुंडीतलं झाड कधी नव्हे ते ताठ उभं राहिलं. म्हणून आता ही पट्टी. कमरेच्या खाली, खुब्यावर चिकटवायची. औषध कातडीतून आत जातं आणि दुपारी पट्टी काढून टाकायची. कुंडीचा संबंध येत नाही.

डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं, जरा जास्तच नीट. 'दोन तास आधी' असं काहीतरी सुरू झालं आणि तेवढ्यात निळ्या घराच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. घरं विकण्याच्या धंद्यात फोन न घेणं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं. मी बाहेर जाऊन बोलून आले तेव्हा ते म्हणत होते, बाकी सगळं कागदात आहेच. दोन तासांचं ते बहुधा आंघोळीबद्दल असावं.

खरी धास्ती शाळेची आहे. ओडेटच्या बाई, मिस केसलर, हसतहसत म्हणाल्या की नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधी बैठक घेऊ. सकाळचे तास सुधारले नाहीत तर ओडेटला नदीपलीकडच्या शाळेत पाठवणं 'तिच्याच हिताचं' ठरेल, तिथे अशा मुलांसाठी खास माणसं आहेत. या बाई सगळंच हसतहसत बोलतात. पण ओडेटला या वर्गात एकच मैत्रीण आहे, मार्लो. आणि वर्गातल्या काचेच्या पेटीत एक गोगलगाय आहे, तिचं नाव महापौर. तिला पानं घालायचं काम या दोघींकडे आहे. बैठकीचं कळल्यावर ओडेट एकच वाक्य बोलली, "मॉम, नदीपलीकडे महापौर नाहीये." एका वाक्यात थांबायची तिची ही पहिलीच वेळ असेल.

८ ऑक्टोबर, बुधवार

पट्टीच्या मागचा कागद ज्यानं बनवला त्याला मूल नसणार. तो सोलता सोलता पट्टीच फाटते. पहिली फाटली. दुसरी माझ्या अंगठ्याला चिकटली. तिसरी ओडेटला लागली.

सकाळी घरात हे जमणं शक्य नाही. आज निळ्या घराच्या किल्ल्या सापडेनात. सगळं घर उलटंपालटं केलं, शेवटी फ्रिजमध्ये भाजीच्या खणात मिळाल्या. तिथे कुणी ठेवल्या देव जाणे. मग युक्ती सुचली. शाळेसमोर मुलं सोडायला गाड्यांची रांग लागते, तिथे दहा मिनिटं नुसतं बसायचंच असतं. ओडेटला मागच्या सीटवर पालथी झोपवली, मी पुढच्या दोन सीटांमधून अर्धी मागे वाकले आणि दिली चिकटवून. घंटेच्या आत काम फत्ते. रांगेत इतर आया लिपस्टिक लावतात, मी औषध लावते. मला माझं कौतुक वाटलं.

ओडेट म्हणाली, "मॉम, हे आत्ता लावलं तर ना..." तेवढ्यात मागच्यानं हॉर्न मारला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

वाचनालयाच्या तळघरात 'पट्टीवाल्या मुलांच्या पालकांचा गट' भरतो. मिस केसलरनी सुचवलं म्हणून गेले. कॉफी पातळ होती, डोनट बरे होते. वेंडेल नावाच्या एका बापानं मुलाच्या भुकेचा रंगीत आलेख काढून आणला होता. हिरवं म्हणजे खाल्लं, लाल म्हणजे कुत्र्याला घातलं. एका बाईच्या मुलाच्या अंगावर लाल चौकोन उठतात. ती एक दिवस उजव्या, एक दिवस डाव्या खुब्यावर लावते आणि तरी रडते. मी तिला माझा डोनट देऊन टाकला.

पण रोझलिनचा नंबर पहिला. ही बाई पहाटे उठते, मुलगा झोपेत असताना चोरासारखी त्याच्या खोलीत शिरते, पांघरूण सारून पट्टी चिकटवते आणि परत जाऊन झोपते! मुलगा म्हणे उठतो तेव्हा माणसात असतो. सगळा गट माना डोलवत होता. वेंडेलनं तर लिहूनच घेतलं. झोपलेल्या लेकरावर असा छापा घालायचा? आम्ही निदान जाग्या मुलीला लावतो, तिच्याशी बोलून. रोझलिन पुढे 'कारण ती चढायला' असं काही सांगत होती, पण मला वेंडेलला त्याचं घर विकायचंय का ते विचारायचं होतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

सासूबाई आल्या होत्या. व्हर्नाबाईंच्या मते त्यांच्या काळी हा आजार नव्हता, फक्त खोडकर मुलं आणि लाकडी चमचे होते. आता मुलांना डिंकानं चिकटवून शांत बसवतात, असं त्या चर्चमध्ये सगळ्यांना सांगून आल्या आहेत. मी म्हटलं, व्हर्ना, तुमच्या मुलानं चौथीत शाळेच्या गच्चीवरून उडी मारली होती. त्या म्हणाल्या, ती त्यानं सरळ मारली होती, लक्ष देऊन. मग त्यांनी त्यांच्या पित्ताशयाची कथा सुरू केली. ती मी आजवर कधीच शेवटपर्यंत ऐकलेली नाही, आजही नाही.

रविवारी पट्टी लावत नाही. ओडेट दिवसभर बोलत होती, काय ते विचारू नका.

२७ ऑक्टोबर, सोमवार

मिस केसलरचा फोन. सकाळच्या तासांना ओडेट खुर्चीवर उभी राहते, फळ्याकडे पाठ करते, गणिताचा कागद दुमडून बोट बनवते. खाऊच्या सुट्टीनंतर मात्र 'अगदी वेगळीच मुलगी'. वाचनाच्या तासाला तर आदर्श. मी बाईंना विचारलं, तुम्ही सकाळी कॉफी घेता का? सकाळी वाईट आणि नंतर चांगलं असं औषध नसतं, अशी माणसं असतात. कॉफी पोटात गेली की या बाईंनाच पोरगी आवडायला लागत असणार. त्या हसल्या. मलाही माझा तर्क पटला.

कर्टिसला सांगितलं. कर्टिस म्हणजे माझा नवरा. काचेच्या कारखान्यात पहिल्या पाळीला आहे, आम्ही उठायच्या आत निघतो. तो विचारात पडला, मग म्हणाला, "तू उठल्याउठल्याच लावतेस ना तिला?" मी म्हटलं, हो हो. उठल्यावरच तर लावते, झोपेत थोडीच! त्यानं पट्टीच्या माहितीचा तो कागद फ्रिजवर चुंबकानं लावून ठेवलाय. हा माणूस न्याहारीच्या खोक्यावरचा मजकूरही वाचतो. मी त्यावर पिझ्झाची सवलतीची चिठ्ठी लावली, नाहीतर ती हरवते.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज लाजच गेली. काल संध्याकाळी ओडेटची पट्टी काढली (जेवणानंतर आठवली), ती दुमडून टाकायच्या आत फोन आला, आणि ती माझ्या कोटाच्या बाहीला चिकटून राहिली. आज तोच कोट घालून निळं घर दाखवत होते. गिऱ्हाईक स्वयंपाकघर सोडून माझ्या कोपराकडेच बघत होतं. शेवटी ती बाई हळूच म्हणाली, "सिगारेट सोडायची पट्टी का ही? हिंमत ठेवा." मी म्हटलं, आभारी आहे. घर घेतलं नाही त्यांनी.

ओडेट रात्रीचं जेवत नाही. मका शिजवला, मॅकरोनी केली, ताटाकडे बघत बसते. झोपही उशिरा येते. दुपारी चांगली, संध्याकाळी संत आणि रात्री घुबड. कर्टिस म्हणाला, पट्टी दुपारी काढायची असते. मी म्हटलं, दुपारी मी कुठे असते ते तुला माहीत आहे. तो गप्प बसला. या घरात गप्प बसण्याचं काम त्याच्याकडेच आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रांगेत रोज वळून वळून माझ्या कमरेचं भजं झालंय. आज घरविक्रीच्या पाट्या गाडीत चढवताना कळ आली ती थेट टाचेपर्यंत. औषधाच्या दुकानातून दुखण्यावरच्या पट्ट्या आणल्या, पुदिन्याचा वास येणाऱ्या. एकाच घरात दोन दोन कमरांना पट्ट्या. व्हर्नाबाईंना कळलं तर चर्चमध्ये आणखी एक रविवार निघेल.

ओडेट आल्यापासून मागे मागे फिरत होती. "मॉम, एक सांगू? लांब आहे पण महत्त्वाचं आहे." मी म्हटलं, सांग ना राणी, ऐकतेय. ती म्हणाली, "आम्हाला पहिल्यांदा गणित असतं, मग भाषा, मग खाऊ..." मी म्हटलं, खाऊवरून आठवलं, दूध संपलंय. परत आले तेव्हा ती चित्र काढत होती. मी म्हटलं, काय गं सांगत होतीस? ती म्हणाली, "काही नाही. तू परत सुरुवातीलाच निघून जाशील." मुलं कशी पटकन विसरतात.

बैठक वीस तारखेला आहे. मला भीती वाटते, हे इथे लिहून टाकते. या मुलीला मी त्या नदीपलीकडे सोडून येतेय आणि ती मागे वळून बघतेय असं स्वप्न पडलं. मला ती इथेच हवी आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

असा दिवस माझ्या आयुष्यात आला नव्हता! सविस्तर लिहिते.

सकाळी कंबर धरली होती, हात मागे जाईना. ओडेटला म्हटलं, जरा माझी पट्टी लाव गं, आणि तुझीही बाहेर काढून ठेव. तिनं फार काळजीनं लावली, वरून तळहात दाबून धरला, मी तिला शिकवलंय तसा. म्हणाली, "झालं. आता थोडा वेळ लागेल." मग स्वतःचीही लावून झाली, असं म्हणाली. किती मोठी झाली पोरगी. आज रांगेत मला वळावं लागलं नाही.

तिथून जे सुरू झालं! आधी निळ्या घराचा करार पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. त्यात तळघरात पाणी येतं असं स्वच्छ लिहिलंय, मी चार महिने लोकांना कोरडं तळघर म्हणून दाखवत होते. मग गाडीचा मागचा भाग आवरला. त्यात तीन घरांच्या किल्ल्या, एक बूट आणि व्हर्नाबाईंची ईस्टरची बशी मिळाली. दुपारी जेवणाची आठवणही झाली नाही. व्हर्नाबाईंचा फोन आला आणि मी त्यांचं पित्ताशय शेवटपर्यंत ऐकलं! मध्ये एक प्रश्नही विचारला. मग त्यांनी विचारलं, "लोरेटा, तुला बरं नाही का?"

कंबर मात्र तशीच दुखतेय, त्या पुदिन्याच्या पट्ट्या अगदी कुचकामी. हे सगळं नवीन जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचं काम दिसतंय, परवाच सुरू केल्यात. वेंडेलला सांगायला हव्यात.

फक्त शाळेचं वाईट झालं. मिस केसलरचा दुपारी फोन आला. आज ओडेट सकाळी तर नाहीच, दिवसभर ठिकाणावर आली नाही. गणिताच्या परीक्षेच्या कागदांवर तिनं महापौराला फिरायला सोडलं, सगळ्यांच्या बेरजांवरून चिकट रेघ गेली. बैठकीच्या आदल्या दिवशी! एरवी मी भांडले असते. आज मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, उद्या बोलू.

संध्याकाळी ओडेटला घेऊन स्वयंपाकघरात बसले. रागवायचंच होतं. तिनं घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आता सांगू?" आणि तिनं सांगितलं. गणिताला डोकं लाह्यांसारखं फुटत असतं. भाषेलाही. खाऊची सुट्टी संपते आणि मग हळूहळू बाईंचा आवाज वाक्याच्या शेवटपर्यंत ऐकू यायला लागतो. पट्टी लागते शाळेच्या दारात, आणि चढते वाचनाच्या तासाला. "ती आधी लावायला पाहिजे मॉम, गणिताच्या खूप आधी. मग मला नदीपलीकडे जावं लागणार नाही. मी रोज सांगत होते." तिला हे बोलायला खूप वेळ लागला, मध्ये मार्लो आणि एक वाळलेलं पान येऊन गेलं, पण मी हललेही नाही.

मग मी फ्रिजवरची पिझ्झाची चिठ्ठी काढली आणि खालचा कागद वाचला. ठळक अक्षरांत आहे. परिणाम हवा असेल त्याच्या दोन तास आधी लावा. नऊ तासांनी काढा, उशिरा लावल्यास व उशिरा काढल्यास भूक आणि झोप बिघडते. म्हणजे ते आंघोळीबद्दल नव्हतंच. त्या पोरीचं सगळं मीच बिघडवत होते आणि दोष कॉफीला देत होते. मला फार वाईट वाटलं, रडले. ओडेटनं मला पेपर टॉवेल आणून दिला.

आता झोप का येत नाही कोण जाणे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी ओट्यावर पुदिन्याची पट्टी तशीच पडलेली दिसली, पाकिटात, न फोडलेली. मग कमरेवर हात नेऊन पाहिलं. तिथे लहान, पारदर्शक पट्टी होती. ओडेटची.

मी ती काढली आणि तिला हाक मारली. माझ्या हातातली पट्टी बघताच तिनं मान खाली घातली. मी विचारलं, का केलंस? ओरडले नाही.

ती म्हणाली, "ती लावली की शेवटपर्यंत ऐकू येतं. मला येतं, म्हणून मग तुलाही येईल."

"आणि तुझं काय? कालचा दिवस किती महत्त्वाचा होता माहीत होतं ना?"

"पाकिटात एकच उरली होती," ती म्हणाली. "मला वाटलं, मी शहाणी बसण्यापेक्षा तू ऐकलंस तर जास्त उपयोग होईल."

औषधाची नवी खेप मी गेल्या आठवड्यात आणायची होती. तिला आधी सांगितलं की दुसऱ्याचं औषध असं कुणाला कधीच लावायचं नाही, ते धोक्याचं असतं. मग तिला जवळ घेतलं. मग डॉक्टर फेल्प्सना फोन करून सगळं सांगितलं. ते मध्येच खोकले, मला वाटलं हसतायत. मग म्हणाले, छातीत धडधड, चक्कर असं काही नसेल तर भरपूर पाणी प्या आणि कधीतरी तुम्हीही येऊन भेटा. मी म्हटलं, ओडेटला घेऊन येते. ते म्हणाले, नाही, तुम्ही. डॉक्टर लोक गिऱ्हाईक वाढवायला काहीही करतात.

बैठक. लांब टेबल, मिस केसलर, मुख्याध्यापक आणि गोल चष्म्याची एक समुपदेशक. कर्टिस पाळी सोडून आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मी सांगायला सुरुवात केली की चूक मुलीची नाही, पट्टीची वेळ मी... मिस केसलर म्हणाल्या, आम्ही कुणालाच दोष देत नाही आहोत. मी पुन्हा म्हटलं, सकाळी ती औषधाशिवायच असते, कारण मी... मुख्याध्यापक म्हणाले, इथे सगळे एकाच बाजूचे आहोत. तिसऱ्यांदा समुपदेशकबाईंनी माझ्या भावनांचं स्वागत केलं. नदीपलीकडच्या शाळेचे कागद टेबलावर तयार होते. तेव्हा कर्टिस बोलला. लग्नाला अकरा वर्षं झाली, मी त्याला एवढ्या मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं.

तो म्हणाला, "माझ्या बायकोचं बोलणं अजून संपलेलं नाही."

मग त्यांनी ऐकलं. सकाळी वाईट, नंतर आदर्श, हे मिस केसलर स्वतःच आठवडेच्या आठवडे सांगत होत्या. मी कागदातलं वाक्य वाचून दाखवलं तेव्हा बाईंचं हसू पहिल्यांदाच मावळलं आणि त्या चेहऱ्यानं त्या मला जरा आवडल्या. नाताळच्या सुट्टीपर्यंत मुदत मिळाली. नदीपलीकडचे कागद मुख्याध्यापकांनी खणात ठेवले. फाडले नाहीत.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पहाटे उठले. रोझलिनसारखी, चोरासारखी. फोन मुद्दाम खालच्या मजल्यावर ठेवला. ओडेट पालथी झोपली होती, तोंड उघडं. पट्टीमागचा कागद पहिल्याच झटक्यात निघाला. डाव्या बाजूला लावली, तळहातानं दाबून धरली.

डोळे न उघडता ती म्हणाली, "तुझी लावलीस?"

मी म्हटलं, माझी नसते बाळा, ती फक्त तुझी.

"मग आत्ताच सांगते," ती म्हणाली. "नंतर तू निघून जातेस." आणि तिनं महापौराची गोष्ट सुरू केली. पेटीच्या कुठल्या कोपऱ्यात तो झोपतो आणि त्याला काकडी आवडत नाही हे मार्लोला आधी कसं कळलं. खाली फोन वाजायला लागला. इतक्या सकाळी म्हणजे निळ्या घराचंच गिऱ्हाईक असणार, तळघराबद्दल. आणि त्या घराच्या किल्ल्या मी परत कुठे ठेवल्या, कोटात की गाडीत, असा विचार करत मी उठलेसुद्धा.

ओडेटनं पांघरुणातून हात काढून माझं मनगट धरलं.

"संपलं नाहीये अजून," ती म्हणाली.

मी परत बसले.